कोरड्या पाटाचं पहिलं पाणी

माझ्या प्रबंधाचा विषय कुणी विचारला की मी आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेते. बसमधला माणूस असेल तर "फिजिक्स" म्हणून सोडून देते. नातेवाईक असेल तर "अणूबिणूचं काहीतरी" म्हणते, आणि त्यांनाही तेवढंच हवं असतं. खरं उत्तर असं आहे: सोन्याचे दोन अणुगर्भ जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळले की त्यातून कणांचे झोत उडतात, आणि ते झोत बाहेर येईपर्यंत वाटेत आपली ऊर्जा कशी गमावतात, याचा हिशेब मी सहा वर्षं करत होते. पिंपळवंडीच्या मावशीला एकदा हे सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "सोनं आपटायचं? यडी का काय गं तू?" त्यानंतर मी तो नाद सोडला.

पण आज सांगायचं आहे ते वडिलांबद्दल. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

दादा पाटकरी होते. कालव्याच्या एका शाखेचं गेट चाक फिरवून उघडायचं, पाळीप्रमाणे शेताशेताला पाणी द्यायचं, पाळी संपली की बंद करायचं, हे त्यांचं काम. घर डिंगोऱ्यात आणि नेमणूक शाखेच्या तोंडाशी असलेल्या चौकीवर, सायकलने तासाभराच्या अंतरावर. आमची स्वतःची जमीन नव्हती. आजोबांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आधी नव्हती, नंतरही झाली नाही. त्यामुळे लोक दादांबद्दल दोन गोष्टी बोलायचे. एक, याला कुणाच्या पाण्यात स्वार्थ नाही. दोन, याचं काय जातंय पाणी इकडचं तिकडे करायला. पाऊसपाणी बरं झालं असेल त्या वर्षी पहिली गोष्ट बोलली जायची आणि टंचाईत दुसरी.

दादांची काम करायची एक पद्धत होती, जी खात्याच्या कुठल्याच नियमात नव्हती. उन्हाळ्यातलं आवर्तन, म्हणजे धरणाचं ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की ते पाण्याच्या तोंडाबरोबर चालायचे. कोरड्या पाटातलं पहिलं पाणी कधी बघितलंय का? ते वाहत नाही, चाचपडत येतं. पाचोळा, काटक्या, फुटक्या चपला पुढे ढकलत, फेस धरून, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. दादा काठी घेऊन काठाकाठाने त्याच्यासोबत शेवटच्या गावापर्यंत जायचे, चांगले अकरा किलोमीटर. मध्ये कुठे खेकड्याचं बीळ लागलं आणि पाणी गरगरत त्यात उतरायला लागलं, की हेही पाटात उतरायचे आणि माती-पाला कोंबून बीळ बुजवायचे. पाणी शेवटच्या गावाला पोचलं की तिथून वर एकेका शेताला देत यायचे. बाकीचे पाटकरी गेट उघडून घरी जायचे आणि दादांना हसायचे.

मी तेव्हा जुन्नरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या वस्तीतली विज्ञान शिकणारी पहिली मुलगी, त्यामुळे डोक्यात बऱ्यापैकी हवा होती. १९९४चा उन्हाळा. पाट दोन महिने बंद राहून खडखडीत वाळला होता. आवर्तन सुटायचं त्याच दिवशी दादांना सणकून ताप भरला. त्यांनी कसंबसं गेट उघडलं आणि चौकीतच घोंगडी घेऊन पडले. पाण्यासोबत त्या वर्षी कुणीच चाललं नाही. पाणी आठव्या किलोमीटरपर्यंत गेलं आणि तिथेच जिरलं.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या गावातली दहाबारा माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चौकीवर आली. मी दादांसाठी डबा घेऊन गेले होते, म्हणून सगळं समोरच ऐकलं. त्यांच्यात एक शेतकरी पुढे होता, एका कानाने कमी ऐकणारा, म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलणारा. त्याने विचारलं, "भाऊ, गेट किती फेरं उघडलंत?"

"बारा," दादा म्हणाले.

"बारा फेऱ्याचं पानी आमच्या शिवारात येतं राव. दरसाल येतं. औंदाच कसं काय न्हाई? कुठंतरी पानी मुरतंय."

"पाट कोरडा व्हता. आन मी संगं चाललो न्हाई."

"दरसाल कोरडाच असतो की!"

याला दादांकडे उत्तर होतं, पण ताप होता. शाखा अभियंता साहेबही आले होते, नवीनच, वयाने लहान. ते म्हणाले की गेट खरंच कमी उघडलं असेल तर कारवाई करावी लागेल, चार दिवसांनी परत येतो. म्हणजे प्रश्न असा उभा राहिला होता: पाणी वाटेत गेलं, की दादांनी सोडलंच नाही? सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याबद्दल असं कुणी तोंडावर विचारलं नव्हतं.

मी ठरवलं, दादांना मी सोडवणार. कसं? मोजून! कॉलेजात पाण्याच्या प्रवाहाचा धडा नुकताच झाला होता. चौकीच्या जरा खाली पाटावर दोन मोऱ्या होत्या, एकमेकींपासून अर्ध्या किलोमीटरवर. मी पाटात लिंबं सोडली, घड्याळ लावून वेग काढला, काठीने खोली घेतली, दोरीने रुंदी घेतली. पहिल्या मोरीखालून किती पाणी जातं आणि दुसऱ्या मोरीखालून किती, याची वजाबाकी केली. फरक अगदी किरकोळ निघाला. त्याला बावीसने गुणलं, की अकरा किलोमीटरची गळती. तीही किरकोळच. मला आनंद झाला. पाणी जमिनीत जात नाही, याचा अर्थ मध्ये कुणीतरी चोरून पाइप टाकलेत. दादा सुटले! मी सगळं कोऱ्या वहीत लाल-निळ्या शाईने उतरवून काढलं.

साहेब परत आले त्या दिवशी चौकीसमोरच्या चिंचेखाली सगळे जमले. मी वही वाचून दाखवली. वर्गात निबंध वाचतात तशी, ठासून. साहेब खूश झाले. म्हणाले, "वा! हे कुणीतरी आधीच करायला हवं होतं. म्हणजे वाटेत पाणी फारसं जात नाही."

"नाही सर. म्हणून मी म्हणते, मध्ये पाइप असणार."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी आदल्याच दिवशी दोन माणसं सायकलवर पाटाच्या दोन्ही कडेने पाठवली होती. पाइप नाही, मोटार नाही, एकही रान चोरून भिजलेलं नाही. मग त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं, आणि नंतर दादांकडे. जमिनीत गेलं नाही, कुणी चोरलं नाही, मग उरलं काय? गेट. माझं गणित कुठे निघालंय हे मला तेव्हा कळलं, पण वही सगळ्यांसमोर वाचून झाली होती.

दादा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पाट कोरडा व्हता, बाय."

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "दादा, आकडे बघा ना."

एकोणीस वर्षांची होते, हे कारण म्हणून सांगता येईल. पण मला आठवतंय, त्या क्षणी दादांपेक्षा माझी वही बरोबर ठरणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं होतं. याची मला आजही लाज वाटते.

दादांना निलंबित वगैरे केलं नाही. आणखी एक आवर्तन त्यांनी त्याच शाखेवर काढलं आणि मग बदलीचा कागद आला. आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या रस्त्याला, एका आडबाजूच्या चौकीवर. डिंगोऱ्याहून दोन एसट्या बदलून जायचं आणि हात दाखवून उतरायचं. तिथे त्यांनी नऊ वर्षं एकट्याने स्टोव्हवर भात शिजवला. आई म्हणायची, "एवढी वर्सं मान वर करून चालला माणूस." एवढं बोलून ती चुलीकडे वळायची. रविवारी दादा घरी यायचे, माझ्या अभ्यासाचं विचारायचे आणि सोमवारच्या पहिल्या गाडीने जायचे.

आणि माझी वही? आमच्या कॉलेजच्या सरांना ती फार आवडली. त्यांनी ती पुण्याला एका स्पर्धेत पाठवली, तिथे तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एक प्राध्यापक म्हणाले, एम.एस्सी.ला आमच्याकडे ये. माझं पुढचं सगळं तिथून सुरू झालं. बक्षीस समारंभाला दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

संशोधनासाठी मी परराज्यातल्या एका संस्थेत गेले. तिथे झोत भेटले.

थोडक्यात सांगते, डोकं दुखणार नाही. अणुगर्भ आदळतात तेव्हा त्यांच्या आतले क्वार्क नावाचे दोन सूक्ष्म कण कधीकधी एकमेकांना जोरात धडकतात आणि पाठीला पाठ लावून उलट दिशांना सुटतात. प्रत्येकाचा पुढे कणांचा एकेक झोत होतो. दोन प्रोटॉन आदळले तर दोन्ही झोत व्यवस्थित बाहेर येतात. पण सोन्यावर सोनं आदळतं तेव्हा आजूबाजूला प्रचंड तापलेला, दाट असा रस्सा तयार होतो, आणि क्वार्कला त्यातून वाट काढावी लागते. जाता जाता तो ग्लुऑन नावाचे कण सांडत जातो आणि त्यात त्याची ऊर्जा जाते. काठाजवळ जन्मलेला झोत निसटतो. त्याच्या जोडीदाराला मात्र सगळा रस्सा ओलांडायचा असतो, तो पार विरून जातो.

पहिल्याच वर्षी मी संगणकाच्या आज्ञावलीत असं लिहिलं की एवढ्या अंतराला एवढी ऊर्जा गेली, तर दुप्पट अंतराला दुप्पट. माझे मार्गदर्शक शांत गृहस्थ होते, पण ते पाहून वैतागले. "हा सरळ गुणाकार कुठून आणलास? रस्सा एकसारखा असतो का? आणि एकसारखा आहे असं धरलं तरी दुप्पट अंतरात दुपटीपेक्षा कितीतरी जास्त जाते. जिथे सगळ्यात कमी नुकसान होतं तिथे मोजायचं आणि तेच पुढे ताणायचं, हे काय डोंबलाचं गणित?" मी निमूटपणे दुरुस्त केलं. तेव्हा मला काहीही आठवलं नाही. खोटं कशाला बोलू?

मग अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सोन्यावर सोनं आदळायला लागलं आणि मोजमापं आली. जोरकस कण अपेक्षेच्या साधारण पाचवा हिस्साच बाहेर येत होते. आमच्या लोकांत दोन तट पडले. एक तट म्हणे, तो तापलेला रस्साच ऊर्जा खातो. दुसरा म्हणे, छे! सोन्याच्या अणुगर्भात मुळातच धडकायला कमी सामग्री असते. झोत सुरुवातीलाच कमी निघतात, वाटेचा काही दोष नाही. दोन वर्षं हा वाद चालला. परिषदांमधून मी दोन्ही बाजूंची भाषणं ऐकली आणि माझा कल दुसऱ्या तटाकडे होता. हेही मला आज जरा बोचतं.

निकाल लावायची युक्ती साधी होती. सोनं तेच ठेवायचं, पण त्यावर सोन्याऐवजी ड्यूटेरॉन नावाचा चिमुकला अणुगर्भ आदळायचा. एवढ्याशा धडकेत रस्सा तयारच होत नाही. खोट सोन्यातच असेल, तर झोत इथेही कमी दिसायला हवेत. पुरते दिसले, तर खाणारा रस्साच.

२००३च्या जूनमध्ये मी सुट्टीवर घरी आले होते. निकालाचा ईमेल आल्याचं एका मैत्रिणीने फोनवर सांगितलं, म्हणून मी नारायणगावच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. आलेख वरून खाली इंचाइंचाने उतरत होता. शेजारच्या खुर्चीवर एक जण बारावीचा निकाल शोधत होता. आलेख पूर्ण उतरला. सोन्यावर सोनं: समोरचा, म्हणजे जोडीदार झोत गायब. ड्यूटेरॉन आणि सोनं: समोरचा झोत जागच्या जागी, ठणठणीत.

म्हणजे सुटताना काही कमी नव्हतं. वाटेने खाल्लं होतं.

हे वाक्य मी मनात मराठीत म्हणाले, आणि बाई गं, दादा आठवले. गेट, की पाट? नऊ वर्षांपूर्वी चिंचेखाली हाच प्रश्न होता. आणि मी मोजलं होतं कुठे? चौकीपाशी, जिथे पाटाला सिमेंटचं अस्तर होतं, आणि पाणी चार दिवस वाहून तो भिजलेला होता. खाली पाचव्या किलोमीटरपासून पुढे नुसता मुरूम, खेकड्यांची बिळं, दोन महिन्यांचा कोरडेपणा, आणि पाणी जसजसं कमी तसतसं हळू, म्हणून आणखी मुरणारं. मी बावीसने गुणलं होतं. तो आकडा मी बक्षिसासकट कपाटात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी दोन एसट्या बदलून आंबेगावला गेले. दादांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते चौकीबाहेर बसून कांदा चिरत होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाले, "दादा, माझं गणित चुकलं होतं. तुम्ही बारा फेरेच उघडले होते."

त्यांनी कांदा बाजूला ठेवला. "ते मला ठाऊकच हाय की," म्हणाले. "तू बस आधी."

मी त्यांना सोनं, रस्सा, ड्यूटेरॉन सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "मंग बारक्या टकरीतनं पुरतं आलं का?"

"पुरतं आलं."

"मंग झालं तर." मावशीपेक्षा त्यांना कितीतरी लवकर कळलं होतं.

मी म्हणाले, "तुमची बदली व्हायच्या आधीच्या आवर्तनाला पाट मागच्या पाण्याने अजून ओला होता. तेव्हा किती फेरे उघडले होते? पाणी शेवटपर्यंत गेलं होतं का?"

"इसरलो," दादा म्हणाले. ज्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वी कुणाची पाळी कुठल्या वारी होती ते आठवायचं, तो इसरला! मी खोदून विचारलं. ते म्हणाले, "झालं गेलं. जेवून जा." वर हेही म्हणाले, की त्या गावात जाऊन उगा काय उकरत बसू नको.

मी ऐकलं नाही. घरच्या कपाटातली वही घेऊन मी शेवटच्या गावात गेले. मनाशी ठरवलं होतं, जशी सगळ्यांसमोर वाचली तशीच सगळ्यांसमोर खोडायची. तो ओरडून बोलणारा शेतकरी आता म्हातारा झाला होता आणि दुसराही कान गेला होता. ओट्यावर बसला होता, सून शेंगा फोडत होती, दोन शेजारी होते. मी कोण, कशासाठी आले, ते त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. आकडे चुकले होते, असं दोनदा ओरडावं लागलं.

म्हातारा हसला. "आमाला ठाऊक हाय ते. लई दिसापास्नं."

"कसं?"

"त्याच्या पुढच्या पाळीला तुमचे वडील मला गेटवर घेऊन गेले. म्हणले, तुमीच फिरवा. मी माझ्या हातानं बारा फेरं मोजले. मंग ते पान्यासंगं चालत आले, आन मी त्यांच्यासंगं. पानी आलं की आमच्या शिवारात, भरून आलं! मला लाज वाटली बघा. पुढं बदलीचा कागद आला तवा मी म्हणलं, भाऊ, आत्ताच्या आत्ता गावाच्या सह्या घेऊन सायबाकडं अर्ज करतो. बदली व्हऊ द्यायची न्हाई."

"मग केला नाही?"

"ते न्हाई म्हणले. हात जोडले त्यांनी, इथंच, या ओट्याखाली उभं ऱ्हाऊन. म्हणले, पोरीच्या वहीला पुन्याला बक्षीस लागलंय. अर्ज केला तर वही खोटी हाय असं लिवावं लागंल. तुमाला कळलं, मला तेवढं बास. पोरीचं शिक्षण हू द्या, तवर कुनी काय बोलू नका." म्हाताऱ्याने सुनेकडे आणि शेजाऱ्यांकडे बोट दाखवलं. "अख्ख्या गावाला म्हाईत व्हतं. न्हाई बोललं कुनी."

सुनेने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मला ते पाणी पिता येईना.

थोड्या वेळाने मी वही उघडली आणि तरीही वाचली, पहिल्या ओळीपासून. लिंबं, मोऱ्या, दोरी, बावीसने गुणाकार. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, पण तो टोपी काढून नीट बसला होता. शेवटच्या पानावर उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. ते उत्तर मी खोडलं. दादा त्या दिवशी जे म्हणाले होते आणि मी जे लिहून घेतलं नव्हतं, ते खाली लिहिलं: पाट कोरडा होता. मग तांब्यातलं पाणी प्यायले, वही पिशवीत टाकली आणि आंबेगावची गाडी पकडायला रस्त्यावर आले.